कोरे सोडलेले मुलूख

१९७४ च्या जानेवारीत अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनिव्हा या सरोवरकाठच्या लहानशा गावातून 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ प्रथम विक्रीस निघाला, तेव्हा लाकडाच्या रेषांचा भास उत्पन्न करणाऱ्या त्याच्या तपकिरी पेटीत तीन पुस्तिका होत्या, संदर्भासाठी काही सुटे तक्ते होते, परंतु ज्या भूमीवर हा खेळ खेळावयाचा त्या भूमीचा नकाशा मात्र नव्हता. जमिनीखालच्या भुयारांचे नकाशे ज्याने त्याने स्वतः आखावयाचे होते; पण भुयारातून बाहेर पडून रानावनांतून आणि डोंगरदऱ्यांतून प्रवास करावयाचा झाला तर तो कोणत्या मुलखात करावा, या प्रश्नाला तिसऱ्या पुस्तिकेने दिलेले उत्तर आजही वाचणाऱ्याला थबकविते. ॲव्हलॉन हिल या दुसऱ्याच कंपनीने १९७२ साली 'आउटडोअर सर्व्हायव्हल' नावाचा, रानात वाट चुकलेल्या माणसाने जीव कसा जगवावा या विषयावरचा एक खेळ काढला होता. त्या खेळाचा षट्कोनी घरांनी आखलेला पट आणावा, त्यावरील पाणवठे हे किल्ले मानावेत, इमारती ही नगरे मानावीत, आणि बाकीची भूमी जशी रंगविली आहे तशीच धरून चालावे, असा तो आदेश होता. ज्या खेळासाठी पुढे शेकडो काल्पनिक देशांची वर्णने छापली गेली, त्याची पहिली भूमी ही अशी परक्याकडून उसनी आणलेली होती.

त्या पटाकडे या नव्या दृष्टीने पाहू लागले म्हणजे एक विलक्षण देश नजरेसमोर उभा राहतो. पाच मैलांचा एक षट्कोन हे प्रमाण. त्यात नगरे थोडी आणि किल्ले पुष्कळ. किल्ल्यावरून जाणाऱ्या वाटसरूंशी किल्लेदार कसा वागेल याचेही नियम पुस्तिकेत आहेत: तो योद्धा असेल तर भाल्याच्या द्वंद्वाचे आव्हान देईल, जादूगार असेल तर मंत्राने बांधून एखादा खजिना आणावयास पिटाळील किंवा जादूची एखादी वस्तू जकातीदाखल घेईल, धर्माचार्य असेल तर जवळच्या द्रव्याचा दशांश मागेल. राजा नाही, राजधानी नाही, मध्यवर्ती सत्तेची कसलीही खूण नाही. एखादी मोठी सल्तनत मोडून पडल्यावर जो तो देशमुख आपापल्या गढीत बसून मनास येईल तो कर उकळू लागतो, तशा बेबंद काळाचे हे चित्र आहे. आणि ते लेखकाने कोठेही वर्णन करून सांगितलेले नसून फाशांच्या तक्त्यांतून वाचकाच्या मनात आपोआप जुळून येते.

आज ज्याच्या हाती हा जुना खेळ पडतो, तो पहिला प्रश्न हाच विचारतो, की यासाठी कोणत्या पुरवण्या मिळवाव्यात आणि कोणता मुलूख पत्करावा. या प्रश्नाचे उत्तर नावांची यादी देऊन भागण्यासारखे नाही, कारण पुरवण्यांचा इतिहास हा मुळात एका वादाचा इतिहास आहे: लेखकाने किती सांगावे आणि खेळणाऱ्यासाठी किती कोरे सोडावे, हा तो वाद. तिसऱ्या पुस्तिकेच्या शेवटी लेखकांनी स्वतःच वाचकाला असे बजावले होते, की पुढचे तपशील तुम्हीच ठरवा, तुमच्या वाटणीची कल्पना आमच्याकडून का करून घेता. ज्या पुरवणीने हे वचन पाळले ती मला अद्याप जिवंत वाटते. जिने मोडले ती कितीही सुबक असली तरी वाचून झाल्यावर कपाटात जाते.

खेळ ज्यांना अपरिचित आहे त्यांच्यासाठी एवढे सांगितले पाहिजे, की येथे चारपाच जण टेबलाभोवती बसतात, प्रत्येक जण एकेका वीराची, जादूगाराची किंवा धर्मोपासकाची भूमिका घेतो, आणि एक जण पंच होऊन उरलेले सारे जग, त्यातील राक्षस, राजे, सरायांचे मालक आणि चोरदरवाजे, आपल्या अंगावर घेतो. जे शब्दाने ठरत नाही ते फाशाने ठरते. याचा वंशवृक्ष शोधीत मागे गेले तर आपण आपल्याच अंगणात येऊन पोहोचतो. कारण जर्मनीतील ब्रन्सविक येथील हेल्विग नामक अध्यापकाने १७८० मध्ये जो युद्धखेळ रचला तो बुद्धिबळाचाच विस्तार होता, आणि बुद्धिबळ हे आपल्या चतुरंगाचे अपत्य. हेल्विगनंतर प्रशियातील राइसविट्झ पितापुत्रांनी, विशेषतः १८२४ मध्ये पुत्राने, त्या खेळाला सैनिकी शिक्षणाचे रूप दिले आणि निर्णय देणारा पंच त्यात प्रतिष्ठित झाला. तेथून एच. जी. वेल्सच्या १९१३ मधील 'लिटल वॉर्स' या पुस्तकामार्गे ही विद्या सामान्य हौशी लोकांच्या घरात उतरली.

त्या हौशी लोकांपैकीच गॅरी गायगॅक्स हा एक होता. शिकागोतील विमा कंपनीतील नोकरी १९७० साली सुटल्यावर पादत्राणांची दुरुस्ती करून तो लेक जिनिव्हात संसार चालवीत असे, आणि रात्री मध्ययुगीन लढायांचे नियम लिहीत असे. जेफ पेरनसह त्याने १९७१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'चेनमेल' या नियमपुस्तकाच्या अखेरीस जादूगार, ड्रॅगन आणि बुटके यांच्यासाठी काही पाने जोडली होती, आणि त्या पानांना त्याने नावच अद्भुताची पुरवणी असे दिले होते. तिकडे मिनेसोटा राज्यातील मिनिॲपोलिस–सेंट पॉल या जोडनगरांत डेव्ह आर्नेसन नावाचा तरुण त्याच सुमारास 'ब्लॅकमूर' नावाच्या काल्पनिक परगण्यात आपल्या मित्रांना घेऊन जात होता, आणि प्रत्येकाला सैन्याऐवजी एकच माणूस देऊन किल्ल्याखालच्या भुयारांत उतरवीत होता. १९७२ च्या अखेरीस आर्नेसनने हा प्रकार गायगॅक्सला दाखविला आणि त्या दोघांच्या सहकार्यातून नवा खेळ जन्मला. जो खेळ स्वतःच एका पुरवणीच्या पोटी आला, त्याला पुढे पुरवण्यांचा मोह आवरला नाही यात नवल नाही. डॉन केसह गायगॅक्सने स्थापिलेल्या आणि ब्रायन ब्ल्यूमच्या भांडवलाने सावरलेल्या टी.एस.आर. या चिमुकल्या कंपनीने काढलेल्या पहिल्या १,००० पेट्या घरच्या घरी जुळविल्या होत्या; किंमत १० डॉलर; वर्षाच्या आत त्या संपल्या.

१९७५ मध्ये पहिली पुरवणी आली, 'ग्रेहॉक'. लेखक गायगॅक्स आणि त्याचा तरुण सहकारी रॉब कुंट्झ. नावावरून कोणासही वाटेल, की यात गायगॅक्सच्या सुप्रसिद्ध ग्रेहॉक दुर्गाचे वर्णन असेल, पण त्या दुर्गाविषयी यात काही त्रोटक सूचना आणि एका प्रचंड पाषाणमुखाचे चित्र यांपलीकडे जवळजवळ काही नाही. आहे ते नियम: प्रत्येक शस्त्राच्या आघाताला वेगळा फासा, प्रत्येक पेशाला वेगळे बळ, वरच्या पायऱ्यांचे मंत्र, अनेक डोळ्यांच्या तरंगत्या गोलासारखे अविस्मरणीय राक्षस, आणि दोन नवे पेशे, चोर व व्रतस्थ योद्धा पॅलाडिन. पुढच्या सर्व आवृत्त्या या पुस्तिकेच्या पायावर उभ्या आहेत, त्यामुळे तिची शिफारस न करणे अशक्य आहे. तरी मी ती एका सावधगिरीसह करतो. चोर येण्यापूर्वी भिंत ठोठावून पाहणे, दाराला कान लावणे, फरशी काठीने चाचपणे हे प्रत्येकाचेच काम होते आणि ते शब्दांनी करावे लागे. चोराला शेकडेवारीचा हक्क मिळाल्यावर ते काम एकट्याचा इजारा झाले आणि बाकीचे मंडळ स्वस्थ बसू लागले. ज्याला मूळ खेळाची चव घ्यावयाची आहे त्याने काही महिने चोरावाचून खेळावे आणि मग ही पुरवणी उघडावी.

त्याच वर्षीची दुसरी पुरवणी 'ब्लॅकमूर' आर्नेसनच्या नावावर आहे. भिक्षुयोद्धा आणि मारेकरी हे पेशे, शरीराच्या कोणत्या भागावर घाव बसला याचे किचकट तक्ते, रोग, समुद्रतळाचे राक्षस, असा तिचा विस्कळित संसार आहे. पण तिच्या मध्यभागी 'टेम्पल ऑफ द फ्रॉग' हे बेडूकपूजकांच्या मंदिराचे प्रकरण आहे, आणि कोणाही पंचाने घेऊन खेळवावे असे छापलेले पहिले साहसस्थळ म्हणून त्याला इतिहासात मान आहे. दुसऱ्या जगातील यंत्रे घेऊन आलेल्या एका इसमाने त्या मंदिराचा ताबा घेतलेला असतो. दलदल, सैन्य, यांत्रिक शस्त्रे आणि बेडूक यांचे ते मिश्रण कोणत्याही एका पुराणात बसत नाही, आणि म्हणूनच ते आर्नेसनचे स्वतःचे वाटते. आर्नेसनचा खरा परगणा पाहावयाचा असेल तर मात्र दोन वर्षांनी, १९७७ मध्ये, दुसऱ्या एका प्रकाशकाने काढलेली 'द फर्स्ट फँटसी कॅम्पेन' ही पुस्तिका पाहावी. एखाद्या कारकुनाच्या दप्तरातून उचलून तशीच छापलेली टिपणे असावीत असे तिचे रूप आहे, तरी एक माणूस आपल्या मित्रांसाठी आठवड्यामागून आठवडे जग कसे रचीत होता हे तिच्याइतके दुसरीकडे क्वचितच दिसते.

१९७६ च्या 'एल्ड्रिच विझार्ड्री'ने ड्रुइड, मनोबलाच्या शक्ती आणि नरकातील अधिपती आणले, आणि वेक्ना नावाच्या विस्मृत जादूगाराचा तुटलेला हात व उपटलेला डोळा या दोन वस्तू आणल्या. वेक्ना कोण, कोठला, कधी मेला, याबद्दल तेथे अगदी थोडे लिहिले आहे, आणि तेवढ्याच थोड्याच्या बळावर तो पन्नास वर्षे खेळाडूंच्या मनात घर करून राहिला आहे.

चौथी पुरवणी 'गॉड्स, डेमिगॉड्स अँड हीरोज' भारतीय वाचकाला विशेष विचार करावयास लावते. कुंट्झ आणि जेम्स वॉर्ड यांनी त्याच वर्षी लिहिलेल्या या पुस्तिकेत ग्रीक, मिसरी, नॉर्डिक दैवतांच्या पंक्तीला भारतीय दैवतेही बसविली, आणि प्रत्येकाच्या नावापुढे चिलखताचा आकडा आणि प्राणशक्तीचा आकडा लिहिला. संपादक टिम कास्क याने प्रस्तावनेत आपला हेतू सांगितला होता: ज्या पंचांनी आपल्या खेळाडूंना वारेमाप द्रव्य आणि सामर्थ्य वाटून टाकले होते, त्यांना देवांचे आकडे दाखवून भानावर आणावे. आकडा दिला, की तो शून्यावर आणण्याची इच्छा उत्पन्न होते, हे त्या हेतूच्या मुळाशी असलेले दौर्बल्य त्या वेळी ध्यानात आले नसावे. ज्या समाजात इंद्र, वरुण, यम ही नावे पूजेत अद्याप उच्चारली जातात, त्या समाजातील माणसाला ही पाने वाचताना संकोच वाटतो, आणि तो संकोच मला योग्य वाटतो. ही चारही पुस्तके मिळत असतील तर या चौथ्याकडे इतिहासाचा दाखला म्हणून पाहावे, खेळात आणू नये, असे माझे मत आहे. आपल्या राक्षसाचीही अशीच गत झाली. १९७७ च्या 'मॉन्स्टर मॅन्युअल' या ग्रंथात डेव्हिड ट्रॅम्पियर या चित्रकाराने त्याला वाघाचे डोके आणि हाती चिलीम देऊन आरामात बसविला. चित्र उत्कृष्ट आहे, आणि त्यानंतर पाश्चात्त्य खेळाडूंच्या दोन पिढ्यांना राक्षस म्हणजे वाघतोंड्या मायावी असेच वाटत आले. रूप बदलण्याची त्याची शक्ती मात्र रामायणातल्या मारीचाशी नाते सांगते, आणि तेवढा धागा शाबूत राहिला याचे समाधान मानता येते.

आता त्या दुसऱ्या प्रकाशकाकडे वळतो, कारण माझ्या मते या साऱ्या इतिहासातील सर्वांत मोलाचे काम तेथे झाले. इलिनॉय राज्यातील डिकेटर गावी बॉब ब्लेडसॉ आणि बिल ओवेन या दोघा मित्रांनी १९७६ मध्ये 'जजेस गिल्ड' ही संस्था काढली. त्या वर्षी ते लेक जिनिव्हात जाऊन टी.एस.आर.च्या कारभाऱ्यांना भेटले आणि खेळासाठी पूरक साहित्य छापण्याची सनद मागितली. तयार नगरे आणि तयार नकाशे कोणी पैसे देऊन विकत घेईल, यावर टी.एस.आर.मध्ये त्या वेळी फारसा कोणाचा विश्वास नव्हता. पंच आपले जग स्वतः रचील, तोच तर आनंद, अशी समजूत होती. म्हणून सनद सहज मिळाली. ऑगस्टच्या जेन कॉन मेळाव्यात दोघांनी 'सिटी स्टेट ऑफ द इन्व्हिन्सिबल ओव्हरलॉर्ड' या नगराचा भव्य नकाशा विक्रीस मांडला, आणि लोक वर्गणीदार होऊ लागले. पुढे काही वर्षांनी त्या सनदेचे नूतनीकरण झाले नाही; तोपर्यंत टी.एस.आर.ला या बाजाराची किंमत पुरती कळली होती.

नगरापाठोपाठ १९७७ पासून 'वाइल्डरलँड्स ऑफ हाय फँटसी' या मुलखाचे नकाशे येऊ लागले. प्रत्येक षट्कोनाला चार अंकी क्रमांक. सोबतच्या पुस्तिकेत त्या क्रमांकाखाली एक ओळ: गावाचे नाव, लोकसंख्या, सत्ताधीश कोण, त्याची वृत्ती कशी, गावाचे मुख्य उत्पन्न काय. दुसऱ्या यादीत पडके अवशेष, तिसरीत श्वापदांच्या गुहा, चौथीत गढ्या. ज्याने पुण्याच्या पेशवे दप्तरातील गाववार कागद चाळले असतील त्याला ही पाने पाहून ओळख पटल्यासारखे होईल. तेथेही एका गावाला एक दोन ओळीच मिळतात: वस्ती इतकी, पाटील अमुक, जिराईत इतके, बागाईत इतके, आणि एखाद्या समासात कुलकर्ण्याने सहज लिहिलेले असते, की विहिरीवरून तंटा आहे, त्या तंट्याची कथा पुढे वाचणाराच आपल्या मनात रचतो. वाइल्डरलँड्सची ओळ हे असेच बीज आहे. बखर लिहिणारा आपल्याला युद्धाचा शेवट सांगून मोकळा करतो. जमाबंदीचा कारकून काहीच सांगत नाही, आणि म्हणूनच त्याच्या कागदात हिंडावयास जागा राहते. या नकाशांची आणखी एक योजना मला फार आवडते: पंचासाठी पूर्ण नकाशा, आणि खेळाडूंसाठी त्याच भूमीचा दुसरा, किनारे आणि थोड्या खुणा सोडल्यास बहुतेक कोरा, जो त्यांनी प्रवास करता करता आपल्या हाताने भरावयाचा. छपाई ओबडधोबड, चित्रे कच्ची, लेखनशुद्धी बेतास बात. परंतु मूळ तीन पुस्तिकांसाठी एकच मुलूख सुचवा असे कोणी म्हणाले तर मी विचार न करता हाच सुचवीन. त्याच संस्थेने १९७९ मध्ये काढलेली 'डार्क टॉवर' आणि 'कॅव्हर्न्स ऑफ थ्रेशिया' ही जॅक्वेज यांची दोन भुयारे अवश्य मिळवावीत. एका मजल्यावरून दुसऱ्यावर जाण्याच्या अनेक वाटा, वर्तुळात परत येणारे मार्ग आणि एकाखाली एक गाडल्या गेलेल्या संस्कृती यांमुळे त्यांना उत्खननाची खोली आली आहे.

याहून अगदी निराळ्या वाटेने गेलेला एक मनुष्य होता, आणि त्याचा आपल्या उपखंडाशी प्रत्यक्ष संबंध होता. एम. ए. आर. बार्कर हा मिनेसोटा विद्यापीठात दक्षिण आशियाई भाषांचा प्राध्यापक. तारुण्यात तो भारतात आला होता, येथेच त्याने इस्लामचा स्वीकार करून मुहम्मद अब्दुर्रहमान हे नाव घेतले. अमेरिकेतील मूळ रहिवाशांच्या क्लॅमथ भाषेचा कोश त्याने रचला आणि उर्दू व बलुची शिकविणारी पाठ्यपुस्तके सहकाऱ्यांसह लिहिली. लहानपणापासून मनात बाळगलेल्या 'टेकुमेल' या जगाचा खेळ त्याने 'एम्पायर ऑफ द पेटल थ्रोन' या नावाने रचला आणि टी.एस.आर.ने तो १९७५ मध्ये छापला. या जगात लोखंड अत्यंत दुर्मिळ आहे, घोडे नाहीत, चिलखते एका जनावराचे कातडे कमावून करतात. माणसाची ओळख त्याच्या कुळावरून होते, देवळांच्या दोन परस्परविरोधी पंगती आहेत, आणि साम्राज्याच्या भाषेला स्वतःचे व्याकरण आणि स्वतःची लिपी आहे. युरोपीय मध्ययुगाची सावली ज्यावर जवळजवळ पडलेली नाही असे त्या काळचे हे एकटे मोठे जग. भारत, इजिप्त आणि प्राचीन मेक्सिको यांच्या रसांवर ते पोसलेले आहे. इतके परके जग खेळाडूंना शिकवावे कसे, ही अडचण बार्करने ज्या युक्तीने सोडविली तिचे मला कौतुक वाटते: खेळाडूंनी दक्षिणेकडील परप्रांतीय म्हणून एका लहान नावेतून जकाल्ला बंदरात उतरावे, परकीयांच्या वस्तीत राहावे, आणि चुकत, ठेचकाळत या देशाचे शिरस्ते शिकावेत. खेळाडूचे अज्ञान हेच पात्राचे अज्ञान झाले.

पण या शिफारशीसोबत एक गोष्ट सांगितल्यावाचून राहणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. बार्करने टोपणनावाखाली नाझी विचारांचा पुरस्कार करणारी एक कादंबरी लिहिली होती आणि ती १९९१ मध्ये प्रसिद्ध झाली होती, ही वस्तुस्थिती त्याच्या पश्चात त्याचे साहित्य सांभाळणाऱ्या टेकुमेल फाउंडेशनने २०२२ साली जाहीरपणे मान्य केली. इतक्या भाषा प्रेमाने शिकलेल्या माणसाच्या मनात हे विष होते, हे कळल्यावर त्याच्या जगातील कुळे, जाती आणि बलिवेद्या यांकडे पूर्वीच्या निर्मळ दृष्टीने पाहता येत नाही. ज्याला हे जाणूनही तिकडे जावयाचे आहे त्याने जावे. ज्याला नको वाटेल त्याचेही म्हणणे मला पूर्ण पटते.

गायगॅक्सचे स्वतःचे जग छापील रूपात यायला १९८० उजाडले. 'वर्ल्ड ऑफ ग्रेहॉक' म्हणजे ३२ पानांची पुस्तिका आणि डार्लीन या चित्रकर्तीने रंगविलेले दोन मोठ्या तावांचे नकाशे. ते नकाशे जोडून भिंतीवर लावले म्हणजे डोळे निवतात: जंगलांच्या गडद हिरव्या छटा, नद्यांची सुलेखनासारखी वळणे, सीमेवर राज्यांची बिरुदचिन्हे, षट्कोन मात्र तीस तीस मैलांचे. एका षट्कोनात एक सबंध तालुका मावेल, आणि पुस्तिकेत एका राज्याला जेमतेम काही परिच्छेद, म्हणजे राजा कोण, सैन्य किती, शेजाऱ्याशी वैर कशाचे, एवढेच. उरलेल्या जागेत काय आहे ते पंचाने भरावयाचे. १९८३ मध्ये हीच भूमी पेटीत घालून अधिक विस्ताराने आली, पण मला पहिले पातळ रूपच अधिक प्रिय आहे. या कथेतील एक चुटपूट मात्र शेवटपर्यंत राहिली. ज्या ग्रेहॉक दुर्गाच्या भुयारांत हा खेळ वाढला, ती भुयारे गायगॅक्सच्या हातून पूर्ण स्वरूपात कधीच प्रसिद्ध झाली नाहीत. ४ मार्च २००८ रोजी तो लेक जिनिव्हात वारला तेव्हाही ते काम अपुरेच होते. आर्नेसन पुढच्याच वर्षी गेला.

टी.एस.आर.ने स्वतंत्र साहसपुस्तिका, ज्यांना मॉड्यूल म्हणतात, त्या १९७८ पासून काढण्यास प्रारंभ केला. त्यांपैकी नवशिक्यासाठी तीन पुरेशी आहेत. माइक कार याची 'इन सर्च ऑफ द अननोन' ही शिकविण्याच्या हेतूने लिहिली असून तिच्यात दालनांचे वर्णन आहे, पण राक्षस आणि द्रव्य यांच्यापुढे रिकामी रेघ ओढलेली आहे. शेवटी दिलेल्या यादीतून निवडून पंचाने आपल्या हस्ताक्षरात ती भरावी. गायगॅक्सच्या 'कीप ऑन द बॉर्डरलँड्स' मध्ये सरहद्दीवरचा किल्ला आणि त्याच्या समोरच्या दरीतील गुहा आहेत. किल्ल्यातील माणसांना नावे नाहीत, किल्लेदार, लोहार, सराफ अशीच त्यांची ओळख आहे, त्यामुळे प्रत्येक घरातला तो किल्ला वेगळा होतो. तिसरे 'आइल ऑफ ड्रेड', डेव्हिड कुक आणि टॉम मोल्ड्वे यांचे १९८१ मधील बेट. त्या पुस्तिकेच्या आरंभी एका खंडाचा नकाशा आणि पंधराएक देशांची एकेका परिच्छेदात ओळख आहे.

त्याच परिच्छेदांतून पुढे फार मोठा पसारा निर्माण झाला. १९८७ मध्ये ॲरन ऑल्स्टनच्या 'ग्रँड डची ऑफ कारामिकॉस' या पुस्तकापासून 'गॅझेटियर' ही माला सुरू झाली आणि परिच्छेदाचा ग्रंथ झाला: जमातींचे विवाहविधी, व्यापाऱ्यांचे कर, दरबारातील घराण्यांची भांडणे. ऑल्स्टनचे पुस्तक मी आजही आवडीने वाचतो, कारण त्यातील प्रत्येक तपशील खेळात उपयोगी पडेल असा आहे. मालेतील सगळीच तशी नाहीत. या जगाला पुढे मिस्टारा हे नाव मिळाले आणि १९९३ च्या 'चॅम्पियन्स ऑफ मिस्टारा' या पेटीत सिंद नावाचा वाळवंटी देश आला, त्यात राजे आहेत, जाती आहेत. आपल्याला तो वाचण्याची उत्सुकता वाटणे साहजिक आहे, पण दुरून ऐकलेल्या भारताची ती छाया आहे. नाथमाधवांच्या 'वीरधवल'मधील अद्भुताचा एखादा प्रसंग आठवून स्वतः एक देश रचणारा मराठी पंच त्याहून सरस काम करील. ड्रॅगनलान्स, फरगॉटन रेल्म्स, डार्क सन, प्लेनस्केप हे नंतरचे मुलूख आपापल्या परीने मोठे आहेत, पण ते दुसऱ्या आवृत्त्यांसाठी आणि दुसऱ्या वृत्तीसाठी रचलेले असल्यामुळे त्यांचा विचार येथे करीत नाही.

१९९७ मध्ये टी.एस.आर. कर्जाच्या भाराखाली विझार्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीच्या ताब्यात गेली, आणि २००० साली नव्या मालकांनी नियमांचा मोठा भाग खुल्या परवान्याने सर्वांस उपलब्ध करून दिला. त्या परवान्याच्या आधारे जुन्या नियमांची पुनर्रचना करणारी पुस्तके निघाली: २००६ मध्ये 'ऑस्रिक', २००८ मध्ये मूळ तीन पुस्तिकांना जवळचे असे मॅट फिंच यांचे 'सोर्ड्स अँड विझार्ड्री'. मूळ पुस्तिका आणि चारही पुरवण्या २०१३ मध्ये लाकडी पेटीत पुनर्मुद्रित झाल्या. या पुनरुज्जीवनातून आलेल्या नव्या मुलखांपैकी एकाचेच नाव घेतो, डेव्हिड मॅग्रोगन यांच्या २०१४ मधील 'यून-सुइन'चे. बंगालचा त्रिभुज प्रदेश, हिमालय, तिबेट, ब्रह्मदेश यांच्या आठवणींतून हा देश उभा केला आहे. नदीमुखाशी एक पीत नगर आहे आणि त्यावर गोगलगायीसारख्या देहाच्या विद्वानांचे राज्य आहे. नकाशा जवळजवळ नाहीच; आहेत ते तक्ते, शेकडो, ज्यांवर फासा टाकून पंचाने आपला यून-सुइन स्वतः उत्पन्न करावा. पूर्वेकडच्या जगाकडे पाहताना पश्चिमेच्या लेखकांकडून जी उसनी ओळख होत आली, तीत हा एक अपवाद मला आढळला.

तेव्हा ज्याने मला विचारले की प्रारंभ कोठून करू, त्याला मी सांगेन, की आधी तीन पुस्तिकाच घ्याव्यात. षट्कोन आखलेला एक कागद घ्यावा, त्यावर आपल्या तालुक्याच्या नकाशातील ओढे आणि डोंगर तसेच उतरवून घ्यावेत, जिथे पाणवठा आहे तिथे किल्ला समजावा आणि जिथे बाजार भरतो तिथे नगर. वाइल्डरलँड्सची पुस्तिका आणि ग्रेहॉकची पुरवणी जवळ ठेवावी, पण पहिल्या रात्री त्या उघडू नयेत. मित्रांना बसवावे, खेळाडूंच्या हाती कोरी प्रत द्यावी, आणि पहिल्या किल्ल्याखालून जाताना तटावरून हाक मारणारा किल्लेदार योद्धा निघतो, जादूगार निघतो की दशांश मागणारा धर्माचार्य, ते फाशाला विचारावे.